विलीनीकरणाचे विधेयक कोणी मांडायचे?

सिंगापूरच्या डीबीएस बँकेने दोन ठिकाणी दोन वेगळ्या वाटांनी इतर बँका आपल्यात सामावून घेतल्या आहेत. या दोन वाटा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की बँकांच्या विलीनीकरणाला मंजुरी कोणी, कोठे आणि कोणाच्या देखत द्यायची हा प्रश्न नीट उभा राहतो. जुलै २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये डाओ हेंग बँक, डीबीएस क्वाँग ऑन बँक आणि ओव्हरसीज ट्रस्ट बँक या तीन बँका एक होऊन ‘डीबीएस बँक (हाँगकाँग)’ झाली. त्यासाठी तेथील विधिमंडळाने खास कायदा केला आणि त्याचे विधेयक सरकारने नव्हे, तर एका सदस्याने आपल्या नावाने मांडले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली, ती अगदी निराळ्या पद्धतीने. १७ नोव्हेंबरला बँकेवर अधिस्थगन, म्हणजे व्यवहारांवर तात्पुरती स्थगिती, आले आणि ठेवीदारांना २५,००० रुपयांपलीकडे रक्कम काढण्यास बंदी झाली. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने योजनेचा मसुदा जाहीर केला. त्यावरील सूचना व हरकती २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मागवल्या गेल्या आणि २७ तारखेला विलीनीकरण अमलात आले. संसदेचे अधिवेशन त्या वेळी चालू नव्हते, आणि चालू असते तरी काही फरक पडला नसता, कारण आपल्या कायद्यात या टप्प्यावर संसदेला विचारण्याची तरतूदच नाही.

ही तुलना ऐकली की हाँगकाँगची रीत लोकशाहीच्या अधिक जवळची आहे असे पटकन वाटते. तेथे निदान विधेयक छापले जाते, तीन वाचने होतात, सदस्य प्रश्न विचारतात आणि नोंदी राहतात. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. अधिक वाचन केल्यावर मात्र माझे मत बदलले. एका सदस्याच्या विधेयकाने बँका एकत्र करण्याच्या पद्धतीत सभागृहाला मुख्य प्रश्न विचारलाच जात नाही. या दोन बँका एक होणे लोकांच्या हिताचे आहे का, हे त्याच्यापुढे येत नाही. झालेला निर्णय कायद्याच्या भाषेत बसवून देण्याचे काम तेवढे त्याच्याकडे येते. ही पद्धत टिकू नये असे माझे मत आहे. तरीही तिच्यातला एक अंश, म्हणजे निर्णयाची उघड तपासणी, आपण भारतात घ्यायलाच हवा, कारण तो आपल्याकडे जवळजवळ नाही.

मुळात दोन खासगी कंपन्यांच्या एकत्र येण्याला कायदा कशासाठी लागतो, हे आधी सांगितले पाहिजे. बँक आणि ग्राहक यांचे नाते कराराचे असते, आणि इंग्लिश कायद्याच्या परंपरेत एका पक्षाने आपल्या जागी तिसऱ्याला बसवायचे तर दुसऱ्या पक्षाची संमती लागते. एका मोठ्या बँकेकडे असे लाखो करार असतात. त्यांत बचत खाती, कर्जे, गहाणखते, दुसऱ्यासाठी दिलेली हमीपत्रे, लॉकर, दरमहा वीजबिल भरण्याच्या स्थायी सूचना आणि न्यायालयात चालू असलेले वसुलीचे दावे असे सगळे येते. प्रत्येक खातेदाराकडून स्वतंत्र संमती घेत बसले तर विलीनीकरण कधीच पुरे होणार नाही. न्यायालयाच्या आदेशाने सगळे एकदम हस्तांतरित करता येईल का, तर तेथेही एक जुनी अडचण आहे. १९४० मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे नोक्स नावाच्या खाणकामगाराचे प्रकरण आले. तो ज्या कोळसा कंपनीकडे कामाला होता ती कंपनी न्यायालयाच्या आदेशाने दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती आणि नव्या मालकाने त्याच्यावर गैरहजेरीबद्दल दावा लावला होता. नोकरीचा करार असा नोकराला न विचारता नव्या मालकाकडे जात नाही, असा निर्णय झाला. कोणाची चाकरी करायची हे निवडण्याचा अधिकारच नोकराला जमिनीला बांधलेल्या भूदासापासून वेगळा करतो, असे लॉर्ड अॅटकिन यांनी त्या निर्णयात लिहिले. न्यायालयाला जे करता येत नाही ते विधिमंडळाला मात्र कायद्याने करता येते. म्हणून ब्रिटनमध्ये, आणि ब्रिटिश परंपरेतल्या हाँगकाँगमध्ये, मोठ्या बँकांनी विलीनीकरणासाठी विधिमंडळाची वाट धरली.

हाँगकाँगच्या या कायद्यांचा साचा जवळजवळ ठरलेला आहे. ठरलेल्या दिवशी जुन्या बँकेची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी नव्या बँकेची होतात. जुन्या बँकेशी केलेला प्रत्येक करार जणू पहिल्यापासून नव्या बँकेशीच केला होता असे मानले जाते. खाते तेच, अटी त्याच, फक्त बँक दुसरी. जुन्या नावाने काढलेला धनादेश वटतो, तारणे चालू राहतात, न्यायालयातले दावे बँकेचे नाव बदलून पुढे जातात, आणि कर्मचाऱ्यांची नोकरी अखंड मानली जाते, म्हणजे आधीच्या वर्षांची सेवा बुडत नाही. शेवटी एक संरक्षक कलम असते, ज्यात चीनची केंद्रीय सत्ता, हाँगकाँग सरकार आणि कायद्यात उल्लेख नसलेल्या इतर सर्वांच्या हक्कांना बाधा येणार नाही असे म्हटलेले असते. हे सारे आवश्यक आहे आणि नेटके लिहिलेले असते. पण त्यातली एक गोष्ट मला खटकली. हा ‘ठरलेला दिवस’ कायदा ठरवत नाही आणि सरकारही ठरवत नाही. बँकेचे संचालक मंडळ तो ठरवते आणि जाहीर सूचनेने कळवते. विधिमंडळाने केलेला कायदा केव्हा लागू व्हायचा हे एका कंपनीच्या संचालकांच्या हाती असते, यावरून कोण कोणासाठी काम करत आहे हे कळते.

‘जणू पहिल्यापासूनच’ या शब्दांत काय दडलेले असते हे मी घरात पाहिले आहे. माझ्या आईचे निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होई, ती काही वर्षांपूर्वी एका मोठ्या बँकेत विलीन झाली. कागदोपत्री सगळे आपोआप हस्तांतरित झाले होते. प्रत्यक्षात तिने जुन्या धनादेश-पुस्तिकेतून सोसायटीला दिलेला देखभाल खर्चाचा धनादेश परत आला, आयएफएससी बदलल्याचे आम्हाला त्यानंतर समजले, आणि निवृत्तिवेतन पुढच्या महिन्यात नऊ दिवस उशिरा आले. शाखेत गेलो तेव्हा खिडकीवरच्या मुलीने जुन्या पासबुकातल्या शेवटच्या नोंदीखाली निळ्या पेनने आडवी रेघ मारली, नवे पासबुक छापून दिले आणि लॉकरच्या करारावर पाचशेच्या मुद्रांकावर पुन्हा सही लागेल असे सांगितले. त्या नव्या करारात भाडे वाढलेले होते. आईने विचारले, ‘जुना करार चालू राहणार होता ना?’ त्या मुलीकडे याचे उत्तर नव्हते, आणि ते तिच्याकडे असावे अशी अपेक्षाही नव्हती. ज्यांच्याकडे उत्तर असायला हवे होते त्यांना हा प्रश्न वेळेवर कोणी विचारलाच नव्हता. सभागृह, समिती किंवा न्यायालय यांचे खरे काम असे प्रश्न आधी विचारण्याचे आहे.

आता विधेयक मांडणाऱ्याकडे वळू. हाँगकाँगच्या विधिमंडळात भौगोलिक मतदारसंघांबरोबर व्यावसायिक मतदारसंघही असतात. आपल्या विधान परिषदेतल्या शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघांवरून मराठी वाचकाला त्याची थोडी कल्पना येईल, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे शिक्षक मतदान करतात, तर हाँगकाँगच्या वित्त मतदारसंघात बँका आणि ठेवी स्वीकारणाऱ्या कंपन्या याच मतदार आहेत. माणूस मतदार नाही, संस्था मतदार आहे, आणि २००० नंतरच्या दशकात एकूण मतदार दीडशेच्या आतबाहेर होते. या क्षेत्राचे प्रतिनिधित्व १९८५ पासून २०१२ पर्यंत डेव्हिड ली यांनी केले. ते त्याच काळात बँक ऑफ ईस्ट एशियाचे प्रमुखही होते. २००० नंतरच्या दशकात आलेली बँक विलीनीकरणाची काही विधेयके त्यांच्याच नावाने मांडली गेली. यात त्यांनी काही लपवले किंवा नियम मोडला असे मी म्हणत नाही. नियमच असे होते की बँकांनी निवडून दिलेला, स्वतः बँक चालवणारा सदस्य बँकांची विधेयके सभागृहात मांडत असे आणि त्यांच्या बाजूने उत्तरे देत असे. आपण ज्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतो तो येथे पद्धतीच्या रचनेतच आहे, म्हणून कोणी चांगला माणूस त्या जागी बसवून तो सुटणार नाही.

याहून गंभीर गोष्ट मूळ कायद्यात आहे. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तेथील संविधानाच्या, ७४ व्या कलमानुसार सार्वजनिक खर्च, राजकीय रचना किंवा सरकारचे कामकाज यांच्याशी संबंध असलेले विधेयक सदस्याला मांडता येत नाही, आणि सरकारी धोरणाशी संबंध असेल तर हाँगकाँग सरकारच्या प्रमुखाची, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची, लेखी संमती लागते. शिवाय २०२१ च्या बदलांपर्यंत सदस्याचे विधेयक संमत व्हायला दोन्ही गटांत, म्हणजे थेट निवडून आलेल्यांत आणि व्यावसायिक मतदारसंघांच्या सदस्यांत, वेगवेगळे बहुमत लागे. सरकारी विधेयकाला मात्र हजर सदस्यांचे साधे बहुमत पुरते. या अटींमुळे कामगार हक्क किंवा घरभाडे अशा विषयांवर सामान्य सदस्याने काही कायदा करून घेणे जवळजवळ अशक्य होऊन बसले. जून १९९७ मध्ये, म्हणजे हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जाण्याच्या अगदी आधी, ली च्युक-यान यांनी मांडलेला सामूहिक वाटाघाटींच्या हक्काचा कायदा संमत झाला होता, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो रद्द करण्यात आला. त्यानंतर सदस्यांच्या विधेयकाची वाट जी काही उघडी राहिली ती मुख्यतः संस्थांसाठी, आणि त्यांत बँका ठळक आहेत. एखाद्या कामगाराला मालकाशी एकत्रितपणे बोलण्याचा हक्क देणे हा धोरणाचा विषय ठरतो. एका शहरातल्या लाखो लोकांच्या ठेवी, कर्जे आणि नोकऱ्या एका संस्थेकडून दुसरीकडे नेणे हा मात्र एका सदस्याने मांडण्याजोगा, जवळजवळ खासगी विषय ठरतो. ही विभागणी मला मान्य होत नाही.

२००१ चे उदाहरण घेतले तर हे आणखी स्पष्ट होते. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला बँक ऑफ चायनाच्या हाँगकाँगमधील गटातल्या बारांपैकी दहा बँकांचा व्यवसाय एकत्र करून ‘बँक ऑफ चायना (हाँगकाँग)’ उभी करण्यात आली. त्यांत क्वांगतुंग प्रॉव्हिन्शियल, किनचेंग, सिन हुआ, यिएन येह अशी जुनी नावे होती, ज्यांच्या पाट्या त्या शहरातल्या लोकांनी अनेक पिढ्या पाहिल्या होत्या. हाँगकाँगच्या नोटा छापण्याचा अधिकार असलेल्या तीन बँकांपैकी ही एक. पुढच्याच वर्षी तिच्या धारक कंपनीचे समभाग बाजारात आले. यात चीन सरकारचे धोरण होते, चलनाचा प्रश्न होता आणि हजारो कर्मचारी होते. हे सगळे सरकारी धोरणाच्या बाहेरचे आहे असे म्हणायला फार संकुचित अर्थ घ्यावा लागतो. याउलट १९८५ मध्ये ओव्हरसीज ट्रस्ट बँक बुडायला आली, तेव्हा हाँगकाँग सरकारने स्वतः विधेयक आणून ७ जूनच्या एकाच दिवसात ते संमत करून घेतले आणि बँक ताब्यात घेतली. म्हणजे सार्वजनिक पैसा पणाला लागला की सरकार स्वतः उभे राहते आणि स्वतः उत्तर देते. हीच बँक १९९३ मध्ये डाओ हेंगला विकली गेली आणि २००३ मध्ये आधी सांगितलेल्या विलीनीकरणात गेली. त्या वेळी सभागृहात उत्तर द्यायला मंत्री नव्हता, विधेयक मांडणारा सदस्य होता.

या पद्धतीचा बचाव करणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही, आणि त्याची दखल घ्यायला हवी. ते म्हणतात, खरी तपासणी नियामक करतो. हाँगकाँग चलन प्राधिकरण भांडवल, तरलता (देणी भागवायला हाताशी असलेला पैसा) आणि व्यवस्थापन पाहते. सदस्यांना बँकेचे भांडवल तिच्या जोखमीला पुरेसे आहे का याचे गणित कळत नाही, आणि प्रत्येक विलीनीकरण राजकीय वादात अडकले तर अडचणीतल्या बँकेचे ठेवीदारच मरतील. यातले पहिले म्हणणे बरोबर आहे, पण अपुरे आहे. नियामक बँकेच्या सुरक्षिततेकडे पाहतो. दोन बँका एक झाल्यावर त्या भागातल्या लहान दुकानदाराला कर्ज मिळण्याच्या खिडक्या एकाने कमी झाल्या, याकडे पाहणे हे मुख्यतः स्पर्धा नियामकाचे काम. हाँगकाँगमध्ये २०१२ पर्यंत सर्वसाधारण स्पर्धा कायदाच नव्हता, आणि जो झाला, तो २०१५ च्या डिसेंबरमध्ये पूर्णपणे लागू झाल्यावरही त्यातला विलीनीकरणाचा नियम फक्त दूरसंचार क्षेत्राला लावण्यात आला. म्हणजे बँका एकत्र होताना स्पर्धेचा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही नव्हती. राहता राहिले सभागृह, आणि त्याच्या हातात विधेयक देताना हे फक्त हस्तांतरणाचे तांत्रिक काम आहे असे सांगितले जाई. नियामक म्हणतो मी सुरक्षितता पाहिली, सदस्य म्हणतो मी कलमे पाहिली. मधली जागा रिकामी राहते, आणि त्या जागेत ग्राहक, कर्जदार आणि शाखेतला कर्मचारी उभे असतात.

घाईचा मुद्दा मात्र खरा आहे, पण तो या विधेयकांना लागू होत नाही. ज्या विलीनीकरणांसाठी सदस्यांची विधेयके येतात, ती बहुधा सुदृढ बँकांची, एकाच गटातली, महिनोन्महिने आखलेली असतात. स्टँडर्ड चार्टर्डने १ जुलै २००४ ला आपली हाँगकाँगमधली शाखा तेथे नोंदवलेल्या नव्या कंपनीकडे हस्तांतरित केली. सिटीबँकेने बरोबर एका वर्षाने किरकोळ व्यवसायासाठी तसेच केले. यांत कोणाचीही ठेव बुडत नव्हती. घाई लागते ती बुडणाऱ्या बँकेत, आणि तेथे कोणताही देश विधेयकाच्या तीन वाचनांची वाट पाहत नाही.

ब्रिटनने ही जुनी वाट बहुतांशी सोडली, हे हाँगकाँगने पाहायला हवे. तेथे खासगी विधेयक हा वेगळाच प्रकार आहे. ते बाहेरची संस्था अर्ज करून आणते आणि ज्याच्या हिताला बाधा येते तो विरोधी अर्ज करून समितीपुढे आपली बाजू मांडू शकतो. १९९८ मध्ये लॉइड्स आणि टीएसबी या बँकांसाठी, आणि २००६ मध्ये हॅलिफॅक्स व बँक ऑफ स्कॉटलंड यांच्या एचबीओएस गटाच्या पुनर्रचनेसाठी असे कायदे झाले. त्या दुसऱ्या प्रकरणात १६९५ मध्ये स्कॉटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या बँक ऑफ स्कॉटलंडचा प्रश्न होता, म्हणून संसदेकडे जाणे समजण्यासारखे आहे. पण २००० च्या वित्तीय सेवा व बाजार कायद्याने एक सर्वसाधारण रस्ता तयार केला, ज्यात बँकेचा व्यवसाय उच्च न्यायालयाच्या मंजुरीने हस्तांतरित होतो. त्या सुनावणीत आपल्यावर विपरीत परिणाम होईल असे म्हणणाऱ्या कोणालाही, कर्मचाऱ्यालासुद्धा, आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. किरकोळ बँकिंग इतर व्यवसायापासून अलग ठेवण्याच्या कायद्यामुळे २०१८ मध्ये बार्कलेजला आपला व्यवसाय विभागावा लागला, तेव्हा हाच रस्ता वापरला गेला. अशा योजनेसाठी स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल सक्तीचा होता. संसदेने नियम एकदाच, सर्वांसाठी, चर्चा करून केला. प्रत्येक प्रकरणाचा निवाडा मात्र अशा ठिकाणी होतो जेथे तक्रारदाराला नावाने बोलावले जाते आणि निकालाची कारणे लिहावी लागतात. मला ही विभागणी सर्वांत योग्य वाटते.

आणि आपले काय? भारतात एका सदस्याच्या विधेयकाने बँका विलीन होण्याची शक्यता नाही. स्वातंत्र्यानंतर संसदेने अवघी चौदा अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली, विधेयके संमत केली आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. कायद्याने बँका एकत्र केल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. बँक ऑफ बंगाल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास यांची १९२१ मध्ये इम्पीरियल बँक झाली ती १९२० च्या कायद्याने. पण बँकिंग नियमन कायदा, १९४९ ने आजची चौकट घातली. स्वेच्छेच्या विलीनीकरणाला कलम ४४अ खाली भागधारकांचे मूल्याने दोन तृतीयांश बहुमत आणि रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. अडचणीतल्या बँकेसाठी कलम ४५ आहे, ज्यात अधिस्थगन आणि सक्तीची योजना येते. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून योजना करते. या तिन्ही वाटांवर भागधारकाला कोठे ना कोठे मत आहे किंवा सरकार आहे. ठेवीदाराला मात्र मत नाही. कलम ४५ मध्ये ठेवीदारांच्या हरकती विचारात घेता येतील असे लिहिले आहे, पण लक्ष्मी विलास बँकेच्या ठेवीदाराला त्यासाठी तीन दिवस मिळाले. तिच्या भागधारकांचे तर पूर्ण भांडवल शून्य झाले.

महाराष्ट्राला हा विषय पुस्तकी नाही. साताऱ्यात १९३६ मध्ये उभी राहिलेली युनायटेड वेस्टर्न बँक सप्टेंबर २००६ मध्ये अधिस्थगनात गेली आणि महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीन झाली. कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. ऊसकरी, व्यापारी आणि शिक्षक यांच्या ठेवींवर उभ्या राहिलेल्या या बँका होत्या, आणि त्यांच्या जाण्याबद्दल त्या गावांत अजूनही लोक हळहळून बोलतात. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे ठेवीदार सप्टेंबर २०१९ पासून अडकले. सुरुवातीला त्यांना सहा महिन्यांसाठी खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. योजना आली ती जानेवारी २०२२ मध्ये, युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरणाची, आणि पाच लाखांवरच्या ठेवी परत मिळण्याचे वेळापत्रक दहा वर्षांपर्यंत लांबले. सहकारी बँकांनाही २०२० च्या दुरुस्तीने याच चौकटीत आणले गेले, त्यामुळे पुढेही हेच घडेल. लक्ष्मी विलास बँकेला दहा दिवस, पंजाब अँड महाराष्ट्रला सव्वादोन वर्षांहून अधिक. दोन्ही वेळी कारणमीमांसा सांगणारा आणि ठेवीदाराच्या हरकतीला एकेक करून उत्तर देणारा जाहीर कागद निघाला नाही.

संसदेची जागा आपल्याकडे किती मागे आहे याचे एक उदाहरण स्टेट बँकेचे आहे. पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक १ एप्रिल २०१७ ला तिच्यात विलीन झाल्या. त्या सहयोगी बँकांचे कायदे रद्द करणारे विधेयक राज्यसभेत संमत व्हायला जुलै २०१८ उजाडले. बँका नव्हत्या, त्यांचे कायदे होते. आणि दहा सार्वजनिक बँकांच्या चार बँका झाल्या त्या १ एप्रिल २०२० ला, देशव्यापी टाळेबंदी लागून आठवडा होतो न होतो तोच, जेव्हा शाखेत जाऊन काही विचारणेही कठीण होते.

म्हणून हाँगकाँगकडून आपण विधेयकाचा साचा उचलू नये, पण छापील, कलमवार, आधी जाहीर होणारा मजकूर ही गोष्ट नक्की उचलावी. सुदृढ बँकांच्या विलीनीकरणाच्या योजनेचा पूर्ण मसुदा साठ दिवस मराठीसह त्या बँकेच्या ग्राहकांच्या भाषांत उपलब्ध असावा. त्यात लॉकर, मुदत ठेवींचे व्याजदर, शाखा बंद करण्याचा आराखडा आणि कर्मचाऱ्यांच्या बदल्या यांची स्पष्ट कलमे असावीत. ठेवीदारांना आणि कर्मचाऱ्यांना न्यायालयापुढे किंवा स्वतंत्र लवादापुढे बोलण्याचा हक्क असावा, आणि भारतीय स्पर्धा आयोगाचे मत कारणांसह प्रसिद्ध व्हावे. बुडणाऱ्या बँकेला एवढा वेळ नसतो हे मान्य आहे. तेथे योजना आधी अमलात यावी, पण सहा महिन्यांच्या आत रिझर्व्ह बँकेने संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे लेखी कारणे द्यावीत आणि ती छापावीत. हाँगकाँगने आपल्यापुरते सदस्यांच्या विधेयकाची वाट बंद करून सर्वसाधारण कायदा करावा आणि त्यात विलीनीकरणाच्या स्पर्धा परीक्षणाला जागा द्यावी, कारण २०२१ च्या बदलांनंतर नव्वद सदस्यांच्या त्या सभागृहात थेट निवडून येणारे केवळ वीस उरले आहेत आणि तेथे कठीण प्रश्न विचारले जाण्याची शक्यता आणखी कमी झाली आहे.

आपल्या खासदारांना मात्र नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणाची योजना आजही दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावी लागते आणि त्यांना तीत बदल करण्याचा किंवा ती फेटाळण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. कलम ४५ खालची योजनाही पटलावर येते. त्या कागदावर चर्चेची मागणी करणारी नोटीस देणे कोणत्याही सदस्याला शक्य आहे, आणि पुढची योजना येईल तेव्हा ती आपल्या मतदारसंघातल्या खासदाराने द्यावी यासाठी ठेवीदारांनी त्याला आजच पत्र लिहायला हवे.